परवाना राज्याचा, परीक्षा देशाची

नॅशनल रजिस्ट्री ऑफ इमर्जन्सी मेडिकल टेक्निशियन्स ही संस्था जून १९७० मध्ये स्थापन झाली. तिचे मुख्यालय अमेरिकेतील ओहायो राज्यात, कोलंबस शहरी आहे. नाव लांबलचक असल्याने रुग्णवाहिकेवरची मंडळी तिला नुसते ‘रजिस्ट्री’ म्हणतात; आपणही तेच करू. तिच्या पूर्वपीठिकेपासून सुवर्णमहोत्सवानंतरच्या वर्षांपर्यंतचा हा आढावा आहे.

रजिस्ट्रीचे काम एका वाक्यात सांगता येते. रुग्णवाहिकेवर चढणारा माणूस कामाला लायक आहे की नाही, हे ती तपासते. तिथे या माणसाला ईएमटी किंवा पॅरामेडिक म्हणतात. ईएमटी श्वासमार्ग मोकळा करतो, रक्तस्राव थांबवतो, मोडलेले हाड आधार देऊन बांधतो, ऑक्सिजन लावतो. पॅरामेडिक त्याच्या पुढे जाऊन शिरेत औषध देतो, ईसीजी वाचतो, गरज पडल्यास श्वासनलिकेत नळी घालतो. गंमत अशी की, यांपैकी काहीही करण्याची परवानगी रजिस्ट्री कोणालाच देऊ शकत नाही. अमेरिकेत असे परवाने देणे हा राज्यांचा अधिकार आहे आणि प्रत्येक राज्य तो आपापल्या कायद्याने वापरते. रजिस्ट्री ही ना-नफा तत्त्वावर चालणारी खासगी संस्था. तिने प्रमाणपत्र द्यायचे, ते मानायचे की नाही हे राज्याने ठरवायचे. त्यामुळे संस्थेचा इतिहास सांगायचा म्हणजे राज्यांचा विश्वास तिने एकेक करून कसा मिळवला, ते सांगायचे.

पूर्वपीठिका : साठचे दशक

साठच्या दशकात अमेरिकेतल्या एखाद्या मध्यम गावात अपघात झाला, तर जखमीला न्यायला बहुधा अंत्यसंस्कार करणाऱ्या व्यावसायिकाची गाडी येई. कारण अगदी साधे होते. आडवे झोपवून माणूस नेता येईल एवढी लांब गाडी गावात त्याच्याकडेच असे. सकाळी तीच गाडी शववाहिका, दुपारी तीच रुग्णवाहिका. चालक पुढे, जखमी मागे आणि मागे त्याच्याजवळ बसायला अनेकदा कोणीच नाही. १९६६ साली नॅशनल अकॅडमी ऑफ सायन्सेसने अपघाती मृत्यू आणि अपंगत्व या विषयावर जो अहवाल प्रसिद्ध केला, त्यात देशातली जवळजवळ निम्मी रुग्णवाहिका सेवा अशा सुमारे १२,००० व्यावसायिकांकडे असल्याची नोंद आहे. १९६५ या एका वर्षात अपघातांनी १,०७,००० माणसे दगावल्याचेही त्यात म्हटले होते. पण वाचकांच्या मनाला लागली ती आणखी एक गोष्ट. कोरिया आणि व्हिएतनामहून परतलेल्या तज्ज्ञांच्या मते, गंभीर जखमी झालेला माणूस शहरातल्या रस्त्यापेक्षा रणांगणावर वाचण्याचा संभव जास्त होता.

१९६६ सालीच अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी महामार्ग सुरक्षा कायद्यावर सही केली. रुग्णवाहिकेचा प्रश्न आरोग्य खात्यातून नव्हे, तर रस्त्यांच्या खात्यातून पुढे आला, हे आपल्याला चमत्कारिक वाटेल. पण माणसे मरत होती ती रस्त्यावरच. राज्यांनी आपत्कालीन सेवेचा कार्यक्रम आखला नाही, तर महामार्गांसाठी मिळणाऱ्या केंद्रीय निधीतला दहावा हिस्सा अडवण्याची तरतूद कायद्यात होती. पैशाची गोष्ट आली की राज्ये कामाला लागतात. तशी ती लागली.

काही मंडळी मात्र कायद्याची वाट पाहत बसली नव्हती. शल्यविशारद जे. डी. फॅरिंग्टन हे पन्नासच्या दशकाअखेरीपासून शिकागोच्या अग्निशमन दलातल्या जवानांना जखमी कसा उचलावा, कसा बांधावा हे शिकवत होते. बेलफास्टमध्ये फ्रँक पॅन्ट्रिज यांनी हृदयविकाराच्या रुग्णापर्यंत थेट उपचाराची गाडी नेली. पिट्सबर्गच्या हिल डिस्ट्रिक्ट या कृष्णवर्णीय वस्तीत १९६७ साली ‘फ्रीडम हाउस’ ही सेवा उभी राहिली. नोकऱ्यांपासून वंचित ठेवलेल्या तरुणांना डॉ. पीटर साफार यांच्या देखरेखीखाली असे शिक्षण मिळाले, की त्या काळातल्या कोणत्याही रुग्णवाहिकेवर तेवढे शिकलेली माणसे क्वचितच सापडली असती. शहराने १९७५ मध्ये स्वतःची सेवा सुरू केली आणि फ्रीडम हाउस बंद पडले. या तरुणांचे नाव आपत्कालीन सेवेच्या इतिहासात बरीच वर्षे खालच्या ओळीत राहिले. ते वर आणायला हवे, म्हणून येथे मुद्दाम नोंदवतो.

सत्तरचे दशक : स्थापना आणि पहिली परीक्षा

प्रशिक्षण सुरू झाले, पण ते ठिकठिकाणी वेगळे. एका परगण्यात चार संध्याकाळी व्याख्याने ऐकली की झाले, तर शेजारच्या परगण्यात महिनोन्‌महिने अभ्यास. महामार्ग सुरक्षेवरील अध्यक्षीय समितीने राष्ट्रीय पातळीवर प्रमाणपत्र देणारी एक संस्था असावी, अशी शिफारस केली. अमेरिकन मेडिकल असोसिएशनने त्यासाठी कार्यगट नेमला. डॉ. ऑस्कर हॅम्प्टन आणि डॉ. फॅरिंग्टन यांच्यासारखे शल्यविशारद, अग्निशमन दलांचे, पोलिसांचे, खासगी रुग्णवाहिका चालकांचे आणि हो, अंत्यसंस्कार व्यावसायिकांचेही प्रतिनिधी विचारविनिमयात होते. एकमेकांशी फारसे न पटणाऱ्या या सर्वांना एका टेबलाशी बसवणे हेच तेव्हाचे मोठे काम होते. चर्चा तापल्या असतील. त्यांची इतिवृत्ते आज उघडण्याचे प्रयोजन नाही. जून १९७० मध्ये रजिस्ट्री अस्तित्वात आली. संस्थापक कार्यकारी संचालक म्हणून रोक्को मोरांडो यांनी सूत्रे घेतली आणि ऐंशीच्या दशकाच्या अखेरीपर्यंत सांभाळली. कोलंबसमधल्या मुख्यालयाच्या इमारतीला आज त्यांचेच नाव आहे. मोरांडो डॉक्टर नव्हते, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे. डॉक्टरांनी पाया घातला. संस्था चालवली ती रुग्णवाहिकेच्या जगातल्या माणसाने.

१९७१ साली पहिली परीक्षा झाली. देशभरातल्या ५१ केंद्रांवर एकाच वेळी १,५२० रुग्णवाहिका कर्मचारी तिला बसले. त्यांना कोणी सक्ती केली नव्हती. नोकरी होतीच. तरी हे लोक आले. संस्थेचे पहिले कार्यकर्ते कोण, असे विचारले तर संचालक मंडळाच्या आधी या १,५२० जणांकडे बोट दाखवावे लागेल.

तेव्हाचा ईएमटीचा अभ्यासक्रम ८१ तासांचा होता. परीक्षेचे दोन भाग : लेखी आणि प्रात्यक्षिक. प्रात्यक्षिकाची पद्धत पुढे चांगलीच घोटली गेली. एका खोलीत जमिनीवर एक माणूस जखमी होऊन पडलेला असतो. म्हणजे तसे सोंग घेतो. परीक्षक हातात छापील तक्ता घेऊन कोपऱ्यात उभा. उमेदवाराने आत येताच हातमोजे घातल्याचे आणि जागा सुरक्षित असल्याची खात्री केल्याचे मोठ्याने सांगायचे. परीक्षक नुसते ‘‘सुरक्षित आहे’’ म्हणतो आणि तक्त्यावर खूण करतो. मग श्वासमार्ग, श्वास, रक्ताभिसरण, या क्रमाने. तक्त्याच्या तळाशी काही चुका वेगळ्या छापलेल्या असतात. त्यांतली एक झाली की बाकी गुण कितीही असोत, उमेदवार नापास. जागेची सुरक्षितता न पाहणे ही त्यांतली एक. गंभीर जखमीला दहा मिनिटांच्या आत हलवण्याचा निर्णय न घेणे ही दुसरी. मलमपट्टी सुरेख केली, पण अकरावे मिनिट लागले, तर घरी जा. त्या तक्त्याच्या धास्तीने हजारो लोकांनी रात्री घरातल्या माणसांना जमिनीवर झोपवून सराव केला असेल.

या दशकात लोकांपर्यंत हा विषय नेला तो दूरचित्रवाणीने. एनबीसीवर १९७२ ते १९७७ या काळात ‘इमर्जन्सी!’ ही मालिका चालली. लॉस एंजेलिस परगण्याच्या अग्निशमन दलातले दोन पॅरामेडिक तिचे नायक. पॅरामेडिक हा शब्दही न ऐकलेल्या गावांत लोक नगरपरिषदेला विचारू लागले, आपल्याकडे अशी गाडी का नाही? १९७३ मध्ये केंद्राने आपत्कालीन वैद्यकीय सेवा कायदा करून देशाची ३०३ विभागांत आखणी केली आणि निधी दिला. त्याच वर्षी लिओ श्वार्ट्झ यांनी सहा पाकळ्यांचा निळा तारा रेखाटला, मधोमध सर्प वेढलेली काठी. आधी रुग्णवाहिकांवर नारिंगी क्रॉस असे. तो रेड क्रॉसच्या चिन्हाच्या फार जवळ जातो म्हणून हरकत आली होती. हा तारा १९७७ साली नोंदणीकृत झाला आणि आज तो जगभरच्या रुग्णवाहिकांवर दिसतो, आपल्याकडेही.

१९७५ मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनने पॅरामेडिक हा स्वतंत्र आरोग्य-व्यवसाय असल्याचे मान्य केले. पॅरामेडिकचा पहिला राष्ट्रीय अभ्यासक्रम डॉ. नॅन्सी कॅरोलाइन यांनी तयार केला. त्या फ्रीडम हाउसच्या वैद्यकीय संचालक होत्या आणि त्या तरुणांबरोबर गाडीत बसून शिकवत होत्या. म्हणजे बंद पडलेली सेवा एका अर्थाने प्रत्येक राज्याच्या वर्गात जाऊन बसली. दशक संपण्यापूर्वी रजिस्ट्री पॅरामेडिकचीही परीक्षा घेऊ लागली.

ऐंशीचे दशक : निधी आटला

१९८१ साली केंद्राने आपत्कालीन सेवेचा वेगळा निधी बंद करून तो राज्यांना द्यायच्या एकत्रित आरोग्य अनुदानात मिसळला. ज्या राज्यांना रस होता त्यांनी रुग्णवाहिकांवर खर्च केला, बाकीच्यांनी दुसरीकडे. पन्नास राज्ये पन्नास दिशांना जाऊ लागली. ईएमटी आणि पॅरामेडिक यांच्यामधल्या पायरीला इंटरमीडिएट म्हणत; तिचा राष्ट्रीय अभ्यासक्रम १९८५ मध्ये आला, पण तोपर्यंत अनेक राज्यांनी आपापल्या मधल्या पायऱ्या घालून टाकल्या होत्या. रजिस्ट्री परीक्षा शुल्कावर चालत होती, ही तिच्यासाठी इष्टापत्ती ठरली. सरकारी तिजोरीशी तिचे फारसे देणेघेणे नसल्याने तिला त्या वर्षांत दारे बंद करावी लागली नाहीत.

नव्वदचे दशक : आधी काम पाहा, मग प्रश्न काढा

मोरांडो यांच्यानंतर विल्यम ब्राउन यांनी सूत्रे घेतली. ते परिचारक आणि पॅरामेडिक दोन्ही होते. या दशकातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट बाहेरच्या कोणाला फारशी दिसली नसेल. संस्थेने व्यवसायाच्या प्रत्यक्ष कामाचा शास्त्रशुद्ध अभ्यास सुरू केला. कर्मचारी कोणती कामे किती वेळा करतात, कोणती चुकली तर रुग्णाला सर्वाधिक धोका असतो, हे त्यांनाच विचारायचे आणि त्या उत्तरांवरून प्रश्नपत्रिकेत कोणत्या विषयाला किती जागा द्यायची ते ठरवायचे. दर पाच वर्षांनी हा अभ्यास नव्याने होतो. न्यायालयात कोणी परीक्षेला आव्हान दिले, तर राज्याला हाच अभ्यास उपयोगी पडतो. स्वतःची परीक्षा घेणाऱ्या लहान राज्याला एवढा व्याप परवडत नाही आणि बऱ्याच राज्यांनी आपल्या परीक्षा गुंडाळून रजिस्ट्रीची स्वीकारण्यामागे हे व्यावहारिक कारण होते. तत्त्वापेक्षा हिशेब बलवत्तर ठरला, असे म्हटले तरी चालेल.

१९९४ मध्ये मूलभूत ईएमटीचा नवा अभ्यासक्रम सुमारे ११० तासांचा झाला. १९९६ मध्ये आपत्कालीन सेवेच्या पुढच्या काळाचा आराखडा प्रसिद्ध झाला.

२००० ते २०१० : संगणकाची परीक्षा

या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकी लष्कराने आपल्या रणांगणावरील वैद्यक-जवानांना रजिस्ट्रीचे ईएमटी प्रमाणपत्र आवश्यक केले. १९६६ च्या अहवालाने रणांगणाचा दाखला देऊन शहरांना लाजवले होते. आता रणांगण शहरांच्या परीक्षेला बसू लागले.

१ जानेवारी २००७ पासून लेखी परीक्षा कागदावरून संगणकावर गेली आणि तिचे स्वरूपच पालटले. आता उत्तर बरोबर आले की पुढचा प्रश्न अधिक कठीण येतो, चुकले की थोडा सोपा. उमेदवाराची क्षमता उत्तीर्णतेच्या रेषेच्या वर आहे की खाली, याची ९५ टक्के खात्री झाली की संगणक परीक्षा थांबवतो. ईएमटीला किमान ७० आणि जास्तीत जास्त १२० प्रश्न. त्यामुळे सत्तराव्या प्रश्नाला पडदा काळा झाला की उमेदवार घामाघूम. झटपट पास झालो की झटपट नापास, ते त्याला कळत नाही. मागे जाऊन उत्तर बदलता येत नाही. या पद्धतीवर सुरुवातीला नाराजी झाली, काही शिक्षकांनी पत्रे लिहिली. कालांतराने सारे रुळले.

याच काळात देशपातळीवर कामाच्या चार पायऱ्या निश्चित झाल्या : प्राथमिक प्रतिसादक, ईएमटी, प्रगत ईएमटी आणि पॅरामेडिक. पण निश्चित झाल्या म्हणजे सगळीकडे लागू झाल्या असे नाही. राज्यांच्या अटींचे नमुने पाहण्यासारखे आहेत. कॅलिफोर्नियात ईएमटीला प्रमाणपत्र देतात परगण्यांच्या पातळीवरच्या संस्था, तर पॅरामेडिकला परवाना देते राज्याचे प्राधिकरण. परीक्षा दोघांची रजिस्ट्रीचीच. टेक्सासमध्ये राज्याचे प्रमाणपत्र चार वर्षे चालते आणि पदवी असलेल्या पॅरामेडिकसाठी ‘परवानाधारक’ अशी वेगळी वरची ओळख आहे. वॉशिंग्टन राज्यात नुसती परीक्षा पास होऊन भागत नाही. एखाद्या मान्यताप्राप्त सेवेशी तुम्ही जोडलेले असाल तरच राज्य प्रमाणपत्र देते. न्यूयॉर्कने दीर्घकाळ स्वतःचीच परीक्षा घेतली. याखेरीज पार्श्वभूमीची चौकशी, बोटांचे ठसे, हृदय-फुप्फुस पुनरुज्जीवनाचे चालू प्रमाणपत्र असे सोपस्कार राज्याराज्यांत कमी-अधिक आहेतच. एका राज्यातून दुसऱ्यात बदली होऊन गेलेल्या पॅरामेडिकला नव्या राज्याच्या कार्यालयात कागद भरताना जो मनस्ताप होतो, तो जिल्हा बदलून शिधापत्रिका करणाऱ्याला सहज समजेल.

२०१० ते २०२० : शिकवणाऱ्यांचीही तपासणी

१ जानेवारी २०१३ पासून पॅरामेडिकच्या परीक्षेला बसायचे असेल, तर मान्यताप्राप्त संस्थेत शिकलेले असणे बंधनकारक झाले. लहान गावांतल्या काही प्रशिक्षण केंद्रांना हे जड गेले. काहींनी मोठ्या महाविद्यालयांशी हातमिळवणी केली. पदनामांतूनही जुने जोडशब्द गेले. ‘ईएमटी-पॅरामेडिक’ आता नुसता पॅरामेडिक झाला.

प्रमाणपत्र दर दोन वर्षांनी नूतनीकृत करावे लागते. त्याची पद्धत याच दशकात सुधारली. ईएमटीला ४० तासांचे पुनर्शिक्षण, पॅरामेडिकला ६०. त्यातला निम्मा भाग देशभर सारखा. म्हणजे नवे संशोधन, बदललेले उपचार. पाव भाग स्थानिक सेवेने ठरवायचा, उरलेला पाव कर्मचाऱ्याने स्वतः. शेतीच्या भागातला ईएमटी कीटकनाशकाच्या विषबाधेवर वेळ देऊ शकतो, डोंगराळ भागातला थंडीने गारठलेल्यांवर.

राज्यांमधल्या भिंतींना दार पाडणारा आंतरराज्य करारही याच दशकातला. २०१७ साली जॉर्जियाच्या रूपाने दहावे राज्य सामील झाले आणि करार अमलात आला. आज वीसहून अधिक राज्ये त्यात आहेत. सामील राज्यातला परवानाधारक रुग्णाला घेऊन शेजारच्या सामील राज्यात गेला, तर सीमा ओलांडताच बेकायदा ठरत नाही. सामील होणाऱ्या राज्याने नव्या उमेदवारांसाठी रजिस्ट्रीची परीक्षा लावायची, अशी अट आहे. ज्या संस्थेला १९७० मध्ये कोणताही अधिकार नव्हता, तिची परीक्षा आता राज्यांनी केलेल्या कायद्यात लिहिलेली आहे.

सुवर्णमहोत्सव आणि सध्याचे कार्य

सुवर्णमहोत्सवी वर्ष उजाडले ते कोविडच्या महासाथीसह. परीक्षा केंद्रे बंद पडली आणि रुग्णवाहिकांना माणसे हवी होती. रजिस्ट्रीने ईएमटीची परीक्षा घरी बसून, कॅमेऱ्याच्या देखरेखीखाली देण्याची सोय केली आणि प्रात्यक्षिक राहिलेल्यांना तात्पुरते प्रमाणपत्र दिले. त्या महिन्यांत कार्यालयात आणि राज्यांच्या विभागांत ज्यांनी रात्रंदिवस काम केले, त्या सर्वांचे नाव घेणे शक्य नाही. ऋण मात्र नोंदवायलाच हवे.

१ जुलै २०२४ पासून पॅरामेडिकची राष्ट्रीय प्रात्यक्षिक परीक्षा बंद झाली. हाताचे कौशल्य आता प्रशिक्षण संस्थेने तपासून नोंदवायचे. संगणकावरच्या परीक्षेत प्रसंग देऊन निर्णयशक्ती जोखायची. कोपऱ्यात तक्ता घेऊन उभा असलेला तो परीक्षक पॅरामेडिकपुरता निवृत्त झाला. हा बदल चांगला की वाईट, यावर जुन्या मंडळींचे अजून एकमत नाही. माझे मत विचाराल, तर ते तक्ते पाठांतराला फार उत्तेजन देत. रस्त्यावरचा रुग्ण तक्त्याच्या क्रमाने आजारी पडत नाही.

आता आपल्याकडे वळू. महाराष्ट्रात १०८ क्रमांकाची सेवा २०१४ मध्ये ९३७ रुग्णवाहिकांनिशी सुरू झाली, ती गाडीत डॉक्टर बसवून. अमेरिकेने नेमका उलटा मार्ग धरला : डॉक्टर रुग्णालयात, गाडीत शिकवून परीक्षा घेतलेला कर्मचारी. भारतातही संसदेने २०२१ मध्ये संलग्न आरोग्य व्यवसायांचा कायदा केला. आपत्कालीन वैद्यकीय तंत्रज्ञ त्याच्या अनुसूचीत आहे आणि राज्य परिषदांनी नोंदवह्या ठेवायच्या, केंद्रीय आयोगाने एक मध्यवर्ती नोंदवही, अशी रचना आहे. परवाना राज्याचा आणि मोजमाप देशाचे, हा प्रश्न आता आपल्या दारातही आला आहे. त्या नोंदवह्या तयार करणाऱ्यांनी रजिस्ट्रीचा हा इतिहास नजरेखालून घालावा, निदान पन्नास राज्यांनी पन्नास पायऱ्या घालून ठेवल्या की त्या सपाट करायला किती वर्षे जातात, हे कळण्यासाठी.

अमेरिकेतल्या मराठी घरांतलीही काही मुले डॉक्टरकीला जाण्याआधी हा अभ्यासक्रम करून गावच्या रुग्णवाहिकेवर स्वयंसेवक म्हणून जातात. त्यांच्यासाठी एक सूचना. ईएमटी आणि पॅरामेडिकच्या राष्ट्रीय प्रमाणपत्राची मुदत ३१ मार्चला संपते. राज्याच्या परवान्याची तारीख वेगळी असू शकते आणि एकाचे नूतनीकरण केले म्हणून दुसऱ्याचे आपोआप होत नाही. दोन्ही तारखा पाहून ठेवाव्यात आणि पुनर्शिक्षणाचे तास शेवटच्या आठवड्यावर ढकलू नयेत.